जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे लाइट मीटर आणि शटर: तपासायचं कसं, बिघाड नेमका कुठे?

पार्क_चौक
नमस्कार मंडळी. दोन कॅमेरे आहेत. एक झेनिट-ई, हेलिओस ५८ मिमी लेन्ससह. दुसरा मिनोल्टा एसआरटी १०१. झेनिटच्या मीटरची सुई भर उन्हात अर्ध्यापर्यंतच जाते. मिनोल्टाची सुई व्यवस्थित हलते. त्यात एलआर४४ सेल कागदाची घडी घालून बसवलेला आहे. पण निगेटिव्ह सरसकट पातळ, म्हणजे फिकट येतात, शिवाय १/१००० वर काढलेल्या फ्रेममध्ये फोटोच्या उजव्या कडेला गडद पट्टा दिसतो. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजाचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) फोटो तर राखाडी आणि मळकट आलेत. दोष मीटरचा, शटरचा की रोलचा? आणि सोलापुरात बसून यातलं काय काय करता येईल?

भुईकोट
दादा, आधी एक गोष्ट पक्की करा. मीटर आणि शटर ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि दोघांची तपासणी वेगवेगळीच करायची. मीटर उजेड मोजून सांगतो, शटर तेवढा वेळ उघडतो. एसआरटीसारख्या कॅमेऱ्यात तर सेल काढून टाकला तरी शटर सगळ्या वेगांवर चालतं, कारण ते पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी फक्त मीटरच्या सुईसाठी.

घोटाळा होतो तो दोन्हींत चूक असली की. समजा मीटर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड दाखवतो, तर फोटो अंडर (गडद) जायला हवा. पण १/५०० चं शटर वंगण सुकल्यामुळे प्रत्यक्षात १/२५० एवढं उघडं राहत असेल, तर तो स्टॉप भरून निघतो आणि त्या वेगावर फोटो झकास येतो. मग तोच कॅमेरा १/६० वर अंडर का देतो ते कळत नाही आणि लोक रोलला दोष देतात.

म्हणून पहिला रोल मीटरकडे न बघता काढा. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, निरभ्र आकाश, सूर्य पाठीमागे. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ/१६ ठेवा आणि शटर रोलच्या आयएसओच्या (रोल किती उजेड टिपतो त्या आकड्याच्या) जवळचं. १०० च्या रोलला १/१२५, ४०० च्या रोलला १/५००. सोलापुरात मार्च ते मे या नियमावर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. मग तोच देखावा एफ/११ वर १/२५०, एफ/८ वर १/५००, एफ/५.६ वर १/१००० असा काढा (हा हिशोब १०० च्या रोलचा). चारही निगेटिव्ह सारख्या घनतेचे आले तर शटर ठीक, आणि संशय मीटरवर. घनता बदलत गेली तर ज्या वेगावर बदलली तिथे शटरचा दोष.

रोल धुवायला देताना स्कॅनवर जाऊ नका, निगेटिव्ह परत मागा. स्कॅन करणारं यंत्र उजेड आपोआप सावरून घेतं आणि तुमची सगळी तपासणी वाया जाते.

हातमाग_६१
बॅटरीचं मी सांगतो. एसआरटी १०१ हा १९६६ चा कॅमेरा, त्याचं मीटर पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं. तो सेल १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत तेवढाच द्यायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. एलआर४४ अल्कलाइन आहे. नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर, आणि पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जाणारा. व्होल्टेज जास्त म्हणजे सुई जास्त वर, म्हणजे मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तुम्ही अपर्चर बंद करता. पातळ निगेटिव्हचं मोठं कारण हेच.

यावर उपाय तीन. सगळ्यात सोपा म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो, मोठ्या औषध दुकानातही चौकशी करा. व्होल्टेज १.४ च्या आसपास आणि बराच काळ स्थिर. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तसाच ठेवा, हवा आत गेली की मगच बसवा. त्याची भोकं झाकू नका. मात्र एकदा स्टिकर काढला की तो वापरा न वापरा, संपतोच, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतला ओलावा लवकर उडतो. म्हणून यात्रा किंवा लग्नकार्य असेल तेव्हाच नवा फोडा.

दुसरा उपाय एसआर४४, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. हा १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो. सोबत शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलेला अडॅप्टर वापरला तर साधारण ०.२ व्होल्ट कमी होऊन बरोबर १.३५ च्या जवळ येतो. डायोडची दिशा उलटी लागली तर मीटर बंदच राहील, बाकी नुकसान नाही. तिसरा उपाय म्हणजे कारागिराकडून मीटरच १.५५ ला जुळवून घेणं. कॅमेरा रोजच्या वापरात असेल तर हाच टिकाऊ.

आयएसओची तबकडी फिरवून भागवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो या बाबतीत पटत नाही. जास्त व्होल्टेजची चूक प्रत्येक उजेडात सारखी नसते. उन्हात जुळवलेलं घरात चुकतं.

कागदाची घडी काढून टाका. ६७५ आणि एलआर४४ दोन्ही ११.६ मिमी व्यासाचे, आणि पीएक्स६२५ चा कप्पा साधारण १६ मिमीचा. सेल आत सरकतो, संपर्क तुटतो आणि सुई उड्या मारते. नळाच्या वॉशरसारखी रबरी रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आतला व्यास सेलएवढा बघून घ्या. उंची कमी पडली तर खाली ॲल्युमिनियम फॉइलची छोटी चौकोनी घडी. फॉइल सेलच्या कडेने वर चढता कामा नये, नाहीतर शॉर्ट होईल.

कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती सेलमधून गळलेल्या अल्कलीची. कानकोरण्याच्या कापसाला थेंबभर व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. कॅमेऱ्याच्या तळाच्या स्विचवर बीसी (बॅटरी चेक) अशी खूण आहे, तिथे नेल्यावर सुई ठरल्या जागी जाते का ते पाहा. सेल नवा असूनही जात नसेल तर कप्प्यापासून निघणारी वायर आतून गंजलेली असते. ती बदलावीच लागते, पुसून भागत नाही.

विजापूर_रोड
पेंटॅक्स के१००० ला पण हेच लागू का? त्यात तर एलआर४४ च चालतो म्हणतात.

हातमाग_६१
के१००० ला हा त्रास नाही. तो १९७६ चा, त्याच्यासाठी हाच आकार ठरवलेला आहे, आणि त्याच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे. सुई मधोमध येते तेव्हा दोन्ही बाजूंचा तोल जमलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी मधली जागा बदलत नाही. स्पॉटमॅटिकमध्येही हीच पद्धत. फक्त के१००० ला मीटर बंद करायचा खटका नाही. लेन्सची टोपी लावून ठेवा, नाहीतर सेल उतरत राहील.

भुईकोट
झेनिटचं उत्तर राहिलं. झेनिट-ईला बॅटरीच नाही. पुढच्या पट्टीमागे सेलेनियमची पेशी आहे, तिच्यावर उजेड पडला की ती स्वतःच थोडी वीज तयार करते आणि त्यावर सुई हलते. ही पेशी उजेडाने झिजते म्हणून कॅमेरा कायम चामड्याच्या पाकिटात ठेवावा, असं सांगतात. माझ्या मते खरा शत्रू ओलावा आहे. पेशीच्या धातूच्या थराशी असलेला जोड त्याने खराब होतो आणि वीज कमी येते.

तपास असा करा. दुपारच्या उन्हात, सावली नसलेल्या जमिनीकडे कॅमेरा धरा. आकाशाकडे नको, कारण झेनिटचं मीटर लेन्समधून बघत नाही, समोरचं सगळं रुंदच्या रुंद बघतं, आणि थोडं आकाश आलं तरी फसतं. तबकडीवर डिन २१ लावा, म्हणजे आयएसओ १००. २०० साठी २४, ४०० साठी २७. गोस्टचे (सोव्हिएत मापाचे) आकडे वेगळे आहेत, त्यात गोंधळ नको. उन्हात एफ/१६ ला १/१२५ च्या आसपास यायला हवं. मग तेच सावलीत आणि मग खिडकीजवळ घरात करा, आणि फोनवरच्या मीटरशी ताडून बघा. तिन्ही ठिकाणी सारखाच एक स्टॉप कमी दाखवत असेल तर इथे मात्र डिन एक स्टॉप वर चढवून चालेल, म्हणजे १०० च्या रोलला २४. उन्हात ठीक आणि सावलीत मेलेला असेल तर पेशी गेली. मग मीटर विसरा आणि वरच्या नियमाने कॅमेरा वापरा. झेनिटचं मीटर शटरला जोडलेलंच नाही, त्यामुळे ते नसल्याने कॅमेऱ्याचं काही अडत नाही.

एक सावधगिरी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सुईच्या कॉइलला लावू नका. त्यातून जाणाऱ्या प्रवाहाने सुई आपटून वाकते. पेशी तपासायची तर वायर सोडवून डीसी व्होल्टवर मोजा. उन्हात व्होल्टचे काही दशांश आले तर पेशी जिवंत आहे आणि दोष पुढे कॉइलमध्ये किंवा वायरमध्ये.

रेशमी_पडदा
१/१००० वरच्या गडद पट्ट्याबद्दल लिहितो, कारण तो मीटरशी संबंधित नाहीच.

एसआरटी, के१०००, झेनिट या सगळ्यांत रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे असतात. पहिला पडदा सुटतो आणि फ्रेम उघडत जाते, दुसरा त्याच्या मागून येऊन बंद करत जातो. ३६ मिमीची फ्रेम ओलांडायला एसआरटी, के१००० च्या पडद्याला साधारण १२ ते १४ मिलिसेकंद लागतात, वेग कोणताही लावा. १/६० म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, त्यामुळे दुसरा पडदा निघण्यापूर्वी पहिला पोचलेला असतो आणि क्षणभर पूर्ण फ्रेम उघडी असते. म्हणूनच फ्लॅश १/६० किंवा त्याहून हळू वेगावर (झेनिट-ईचे पडदे सावकाश, म्हणून तिथे १/३० वर). १/१००० ला दोन पडद्यांमध्ये जेमतेम पावणेतीन मिमीची फट असते आणि ती फट फ्रेमवरून सरकत जाते.

आता पहिल्या पडद्याचा रूळ वंगण सुकल्यामुळे जरा जड झाला, की दुसरा पडदा त्याला गाठत येतो. १/६० वर अर्ध्या मिलिसेकंदाची चूक कळतही नाही. १/१००० वर तीच चूक म्हणजे निम्मी फट गेली. प्रवासाच्या शेवटी फट अरुंद होते किंवा पूर्ण मिटते. कॅमेरा पाठीमागून बघितला तर पडदे उजवीकडून डावीकडे धावतात, आणि फिल्मवर चित्र उलटं पडतं. म्हणून प्रवासाचा शेवट फोटोत उजव्या कडेला दिसतो. तुमचा पट्टा उजवीकडेच आहे, लक्षण तंतोतंत जुळतं.

दुरुस्ती होईपर्यंत १/२५० च्या वर जाऊ नका, १०० किंवा २०० चा रोल घाला. कॅमेरा खूप दिवस पडून होता असं वाटलं तर रोल न घालता सगळ्या वेगांवर शटर भरपूर वेळा चालवा. कधी कधी तेवढ्यानेही मोकळं होतं. पण पट्टा पुन्हा आला तर साफसफाईला पर्याय नाही.

आणि तेल. कुणीही सांगितलं तरी शटरमध्ये तेलाचा थेंब सोडू नका. लायटर फ्लुइड किंवा स्पिरिट कापडी पडद्याला लागलं तर रबर सुटतं आणि मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ती भोकं तपासायची असतील तर अंधाऱ्या खोलीत लेन्स काढा, आरसा वर असताना पुढून फोनचा टॉर्च धरा आणि मागून बघा. तारे दिसले तर पडदा बदलायचा. लेन्स लावलेला कॅमेरा उन्हात तोंड वर करून ठेवू नका. झोर्की, फेड यांसारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत लेन्स सूर्य थेट पडद्यावर आणते आणि पडदा जळतो.

पार्क_चौक
फार उपयोगी. शटरचा वेग घरी मोजता येतो का?

रेशमी_पडदा
येतो, काही मर्यादेत. फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ लावा. कॅमेऱ्याची पाठ उघडा, लेन्स काढा, कॅमेरा उजळ खिडकीसमोर धरा आणि मागून चित्रीकरण करा. उजेड दिसलेल्या फ्रेम मोजा. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/१५ ला १६, १/३० ला ८ यायला हव्यात. त्यापुढे एक फ्रेमचा फरकसुद्धा मोठा होतो, म्हणून १/६० च्या वर ही रीत सोडून द्या.

वेगवान टप्प्यांसाठी फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा छोटा भाग) आणि फोनचं माइकचं इनपुट. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक ऑडिओ जॅक, एवढंच सामान लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळेल. ध्वनी ४४,१०० नमुने प्रतिसेकंदावर नोंदवला तर १/१००० म्हणजे ४४ नमुने. ट्रान्झिस्टरसमोर काळा कागद लावून त्याला बारीक भोक पाडा, नाहीतर फट त्याच्यावरून सरकताना लागणारा वेळही मोजला जाईल आणि वेग हळू दिसेल. फ्रेमच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला असं तीनदा मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे तर पडद्यांचा मेळ ठीक. एका टोकाला ४४ आणि दुसऱ्याला २० आले की तोच तुमचा गडद पट्टा.

१/१००० जागी १/७०० निघालं तर घाबरू नका, तो अर्ध्या स्टॉपचा फरक आहे. निगेटिव्ह रोल तो सहज पचवतो. स्लाइड रोल नाही पचवत.

अक्कलकोट_रोड
हळू वेग अडकतात त्याचं कारण वेगळं. १/३० च्या खालचे वेग एक छोटी दातेरी चक्रांची माळ सांभाळते. तिची घरघर ऐकू येते. १ सेकंदाला घरघर मध्येच थांबली आणि शटर उघडंच राहिलं तर माळेतलं वंगण घट्ट झालंय. झेनिट-ईत ही माळच नाही, म्हणून त्याचे वेग १/३० पासूनच सुरू होतात.

झेनिट आणि झोर्की-४ वाल्यांनी एक नियम पाळा. आधी कळ ओढून शटर चढवा, मगच वेगाची तबकडी उचलून फिरवा. या तबकड्या शटर सुटताना स्वतः फिरतात, न चढवता लावलेला वेग खुणेशी जुळत नाही. झोर्की-४ मध्ये तर हळू वेगांची यंत्रणा मोडू शकते.

पाकळ्यांच्या शटरबद्दल, म्हणजे कॉम्पूर, प्रॉन्टर, कोपाल वगैरे, यशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यांत असतं ते. हे लेन्सच्या आत असतं, म्हणून फ्लॅश कुठल्याही वेगावर जुळतो. पाकळ्यांवर तेलाचा नुसता थर आला तरी त्या एकमेकींना चिकटतात. एप्रिल-मेमध्ये कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की ग्रीसमधलं तेल सुटून थेट पाकळ्यांवर जातं. बाजूला एम, एक्स, व्ही असा खटका असेल तर एक्सवरच ठेवा. एम जुन्या बल्बच्या फ्लॅशसाठी, त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडून जातो आणि फ्रेम कोरी येते. व्ही म्हणजे सेल्फ-टायमर. जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की कॅमेरा उघडल्याशिवाय सुटत नाही, हातच लावू नका.

यशिका इलेक्ट्रो ३५ चा प्रकार आणखी वेगळा. त्यात वेग इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, बॅटरीशिवाय प्रत्येक फोटो १/५०० वर निघतो. मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा, आता ६ व्होल्टचा ४एलआर४४ अडॅप्टरमध्ये घालून वापरतात. बॅटरी तपासणीचा दिवा लागतो पण लाल-पिवळे दिवे गप्प, आणि कळ ओढताना येणारा ठक्क आवाज बंद झालेला, अशी लक्षणं असतील तर आतला छोटा रबरी पॅड विरघळलाय. तो बदलता येतो.

होम_मैदान
गड्ड्याच्या फोटोंबद्दल लिहिते. तिथे मीटर बरोबर असतं तरी हेच झालं असतं.

मीटरला रंग कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो आकडा देतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर घातलेले शेकडो भक्त फ्रेमभर असतात. मीटर ते राखाडी करायला बघतो आणि फोटो दीड-दोन स्टॉप अंडर जातो. तुमच्या मिनोल्टात जास्त व्होल्टेजची चूक आधीच त्याच दिशेची होती, दोन्ही एकावर एक बसल्या.

उपाय सोपा आहे. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तर मीटर जुळवा आणि अपर्चर दीड स्टॉप उघडा. किंवा त्याच उन्हात आपला तळहात धरून, लेन्सने तो पूर्ण भरून मोजा आणि एक स्टॉप उघडा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. सूर्य ढगाआड गेला तरच पुन्हा मोजायचं, माणसं बदलली म्हणून मोजायचं नाही. भुईकोट किल्ल्याच्या काळपट दगडाशी नेमकं उलट होतं. तिथे मीटर दगडाला उजळवतो, म्हणून एक स्टॉप बंद करा. तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराला पाण्याची चमक टाळून, कॅमेरा खाली झुकवून घाटाच्या पायऱ्यांवर मोजा.

एसआरटीत प्रिझमवर उजेड मोजणारे दोन सेल आहेत (बॅटरीचे नव्हेत), एक वरच्या भागाला आणि एक खालच्या. आडव्या फोटोत आकाशाचा प्रभाव त्यामुळे कमी होतो. नंदीध्वज उंच म्हणून कॅमेरा उभा धरलात की हा फायदा जातो. आडवा धरून मोजा, मग उभा करा.

उन्हातून थेट मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा मागाच्या कारखान्यात गेलात तर मीटरच्या याच कॅडमियम सल्फाइडच्या सेलला आधीचा उजेड काही काळ आठवत राहतो. अर्धा-एक मिनिट लेन्सवर टोपी ठेवा, मग मोजा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मीटरचा उपयोगच नाही. १०० चा रोल, एफ/८ किंवा एफ/११, शटर बी वर (बटण दाबून धरलं तेवढा वेळ उघडं), तिपाई आणि केबल रिलीज, दोन ते पाच सेकंद.

पार्क_चौक
६७५ सेल रबरी रिंगसह बसवला. आता सुई फोनच्या मीटरपासून अर्ध्या स्टॉपच्या आत आहे, उन्हात आणि घरात दोन्हीकडे. म्हणजे उरलं ते फक्त शटर. खालची पाटी उघडली की पडद्यांचा ताण वाढवायचे स्क्रू दिसतात म्हणे. पहिल्या पडद्याचा जरा पिळला तर?

रेशमी_पडदा
नको ओ दादा, आधी नको. रूळ घाण असताना ताण वाढवला तर स्प्रिंग सुक्या वंगणाशी झगडत राहते. काही महिने बरं चालेल, मग पुन्हा पट्टा येईल, आणि तोवर कापडाचे जोड ताणलेले असतील. क्रम असा आहे: आधी दोन्ही रुळांची टोकं साफ करून अगदी कणभर वंगण, मग दोन्ही पडद्यांना फ्रेम ओलांडायला लागणारा वेळ मोजून सारखा करणं, आणि सगळ्यात शेवटी १/१००० ची फट. दुसऱ्या पडद्याचा ताण कमी करूनच बऱ्याचदा काम होतं, कारण मागच्या कुणीतरी तो आधीच पिळून ठेवलेला असतो.

वरची पाटी तर स्वतः उघडूच नका. एसआरटीत शटरची तबकडी, आयएसओ आणि मीटर बारीक दोऱ्यांनी जोडलेले आहेत. दोरी कप्पीवरून सुटली की आत्ता जमलेलं मीटरही जाईल.

कारागिराकडे देताना "सर्व्हिसिंग करा" एवढंच सांगू नका. तुमच्या तीन ठिकाणच्या मोजणीचे आकडे कागदावर लिहून द्या, पट्टा असलेला निगेटिव्ह सोबत द्या, आणि परत घेताना १/१००० वर डावी, मधली, उजवी बाजू मोजून दाखवायला सांगा. जो मोजून दाखवतो त्याच्याकडेच द्या. आणि तोवर कॅमेरा कपाटात ठेवताना शटर चढवलेलं ठेवू नका, स्प्रिंगला आराम द्या.